दोर बांधणारे आणि दोर पुसणारे



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला आणि मी तो सांगितला, तेव्हा ते क्षणभर गप्पच राहिले. काल याच व्यासपीठावरून शेतीच्या पाण्यावर भाषण झाले, उद्या संतवाङ्मयावर होणार आहे. आणि या दोहोंच्या मध्ये हा गृहस्थ लाल झगा पांघरून आकाशात उडणाऱ्या माणसांविषयी बोलणार! त्यांची पंचाईत मी समजू शकतो. परंतु शेवटपर्यंत ऐकून घेतलेत, तर विषय दिसतो तितका पोरकट नाही, एवढे आपल्याला पटेल असा माझा विश्वास आहे.

या विषयाकडे मी वळलो तो घरातल्या एका भांडणामुळे. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे सगळी मंडळी जमली होती. रात्री जेवणे झाल्यावर मुलांनी असाच एक अमेरिकन अतिमानवाचा चित्रपट लावला. पडद्यावर एक माणूस इमारतीवरून उडी मारतो, दुसरा त्याला हवेतच पकडतो, मग दोघे मिळून तिसरी इमारत पाडतात. माझ्या मेहुण्यांना हे काही पाहवेना. ते म्हणाले, "आमच्या वेळी माणसे खरोखर उड्या मारीत. आता सगळे संगणकावर. यात काय पाहायचे?" त्यावर माझी नात म्हणाली, "मामाआजोबा, खरोखर उडी मारून कोणाचा पाय मोडला तर ते बरे का?" प्रश्न सरळ होता, पण त्याचे उत्तर कोणालाच सरळ देता आले नाही. मलाही आले नाही. ते शोधण्याच्या खटपटीत जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

हे भांडण नवे आहे असे मात्र समजू नका. चित्रपटात हे दोन प्रवाह आरंभापासून शेजारी शेजारी वाहत आले आहेत, आणि आपल्या मुंबईतही ते वाहिले आहेत. दादासाहेब फाळके हे छायाचित्रण, मुद्रण याबरोबर जादूही शिकलेले गृहस्थ. त्यांनी १९१७ साली 'लंकादहन' आणि १९१९ साली 'कालिया मर्दन' काढले, तेव्हा जादूगाराची ही विद्या त्यांनी कॅमेऱ्याला शिकवली. हा झाला युक्तीचा प्रवाह. दुसरा प्रवाह अंगबळाचा. १९३५ साली मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनचा 'हंटरवाली' आला, आणि त्यातली बुरखेधारी नादिया आपल्या उड्या आणि झुंजी स्वतः करीत असे. लोकांनी त्या चित्रपटांना 'स्टंटपट' असे नाव दिले आणि ते डोक्यावर घेतले. तेव्हा एकीकडे युक्ती आणि दुसरीकडे छाती, हा सामना आपल्या परिचयाचाच आहे. आज अमेरिकेतल्या अतिमानवांच्या चित्रपटांत तो सर्वांत मोठ्या प्रमाणावर आणि सर्वांत अधिक पैसा ओतून खेळला जातो, म्हणून आपण तिकडे पाहायचे.

त्या चित्रपटांपुढे पहिल्यापासून एकच मोठी अडचण होती. ती म्हणजे माणूस उडतो कसा हे दाखवायचे. १९४८ साली सुपरमॅनची पंधरा भागांची चित्रमालिका निघाली. त्यात कर्क अ‍ॅलिन हा नट पळत येई, उडीचा पवित्रा घेई, आणि उडण्याच्या क्षणी पडद्यावर त्याच्या जागी व्यंगचित्रासारखे हाताने काढलेले चित्र उडू लागे. पोरे टाळ्या वाजवीत. पण माणूस उडाला असे कोणाला वाटले असेल, असे मला वाटत नाही.

तीस वर्षांनी, १९७८ साली, रिचर्ड डॉनर यांनी क्रिस्टोफर रीव्ह या नटाला घेऊन 'सुपरमॅन' काढला. चित्रपटाच्या जाहिरातीतच असे आश्वासन होते की, माणूस उडू शकतो यावर तुमचा विश्वास बसेल. हे आश्वासन पाळताना तंत्रज्ञांची झोप उडाली. दोरांना टांगून पाहिले. पुतळा तोफेसारख्या यंत्रातून उडवून पाहिला. निळ्या पडद्यापुढे चित्रण करून मागची निळाई काढून टाकावी, तर नायकाचा पोशाखच निळा. निळाई काढायला जावे तो नायकाचे अंगही नाहीसे व्हायचे! अखेरीस झोरान पेरिसिक नावाच्या तंत्रज्ञाने एक युक्ती काढली. ती इतकी सुंदर आहे की मला ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

नटाच्या मागे एक विशेष पडदा. त्यावर इतके बारीक काचमणी बसवलेले की प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत जावा. त्या पडद्यावर समोरून आकाशाचे चित्र टाकायचे. आता चित्र टाकणाऱ्या यंत्राला आणि चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याला, दोघांनाही दृश्य जवळ-दूर करणारी भिंगे बसवली आणि ती एकमेकांशी जोडून टाकली. कॅमेऱ्याचे भिंग दृश्य जेवढे मोठे करील, तेवढेच यंत्राचे भिंग मागचे आकाश लहान करील. परिणाम काय? आकाश आहे तेवढेच राहिले, आणि मध्ये टांगलेला माणूस मात्र मोठा मोठा होत आपल्या अंगावर आला. माणूस जागचा हलला नाही, पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांना तो उडाला. या चित्रपटाच्या दृश्यचमत्कारांसाठी पेरिसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ऑस्करचा विशेष पुरस्कार मिळाला. त्यात संगणकाने काढलेला माणूस नव्हता. आणि तरीही, हे ध्यानात घ्या, ते 'खरे'ही नव्हते. म्हणजे माझे मेहुणे ज्याला जुना खरेपणा म्हणतात, त्यातही अर्धा भाग डोळ्यांना फसवण्याचाच होता. फरक एवढाच की, फसवणुकीच्या मध्यभागी एक खरा, घामेजलेला, पट्ट्यांनी कमरेला काच पडलेला माणूस लटकत होता.

त्याच चित्रपटात धरण फुटते. ते धरण लहान प्रतिकृतीचे होते. या प्रतिकृतींचा एक नियम आहे. लहान वस्तू तिच्या आकाराच्या मानाने फार लवकर खाली पडते. टेबलावरून पडलेले खेळण्यातले घर क्षणात जमिनीवर येते. खरा वाडा कोसळतो तो सावकाश कोसळल्यासारखा दिसतो. म्हणून प्रतिकृती मूळ वस्तूच्या एक सोळांश असेल, तर कॅमेरा चौपट वेगाने फिरवावा लागतो, म्हणजे सेकंदाला चोवीसऐवजी शहाण्णव चित्रे. मग पडद्यावर तिला वजन येते. परंतु पाण्याचे काय करणार? धरण लहान करता येते, पाण्याचा थेंब लहान करता येत नाही. म्हणून प्रतिकृतीतला महापूर जाणकाराला ताबडतोब ओळखू येतो. सांगायचा मुद्दा हा की, आपला डोळा वजनाच्या बाबतीत मोठा खट आहे. त्याला पदार्थविज्ञान येत नाही, पण लहानपणापासून त्याने हजारो वस्तू पडताना पाहिल्या आहेत. त्याला फसवणे सोपे नाही.

आणि येथेच संगणकाची पंचाईत झाली. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात संगणकाने चित्र काढण्याची विद्या तयार झाली. १९९३ च्या 'जुरासिक पार्क'मध्ये तिने प्रचंड प्राणी चालवले, आणि पुढे अतिमानवांच्या चित्रपटांनी ती उचलली. २००२ साली 'स्पायडरमॅन' आला. त्यात कोळ्याप्रमाणे धागा सोडून इमारतींमधून झोके घेणारा तरुण बहुतेक ठिकाणी संगणकातला होता. लोकांना चित्रपट फार आवडला. पण तो झोके घेणारा तरुण रबराचा वाटतो, अशी कुरकूर तेव्हाही झाली. ती का झाली?

मला त्याची तीन कारणे दिसतात. पहिले असे की, खरा माणूस एकदा हवेत गेला की त्याच्या देहाचा मार्ग ठरलेला असतो. फेकलेला चेंडू जी कमान काढतो तीच कमान तो काढतो. त्याला मध्येच वेग वाढवता येत नाही की दिशा बदलता येत नाही. संगणकातल्या माणसाला असले बंधन नाही. त्याला हलवणारा कलावंत कथेच्या सोयीने त्याला हवेत किंचित थांबवतो, किंचित ढकलतो, आणि आपला खट डोळा म्हणतो, "हे काही बरोबर नाही." दुसरे कारण कॅमेऱ्याचे. खऱ्या कॅमेऱ्याला उभे राहायला जागा लागते. संगणकातला कॅमेरा काचेतून शिरतो, गोळीच्या मागे धावतो. मग पाहणारा कोठे उभा आहे हेच कळेनासे होते, आणि जेथे पाहणारा कोठेच नाही तेथे भीतीही कोणाला वाटायची? तिसरे कारण श्रमाचे. जड वस्तू उचलण्याआधी माणूस पाय रोवतो, श्वास कोंडतो. ही पूर्वतयारी ज्या चित्रात नसते, त्यात उचललेली मोटार कागदाची वाटते. या तिन्ही चुका यंत्राच्या नाहीत, त्या घाईच्या आणि अतिमोहाच्या आहेत. त्या टाळल्या की संगणकाचे काम दिसतही नाही.

याच 'स्पायडरमॅन'मध्ये एक गंमत आहे. नायक शाळेच्या उपाहारगृहात घसरणाऱ्या मुलीला एका हाताने सावरतो आणि तिच्या हातून उडालेले पदार्थ दुसऱ्या हातातल्या थाळीवर एकामागून एक झेलतो. सगळ्यांना वाटते, ही संगणकाची करामत. परंतु टोबी मॅग्वायर या नटाने ते पदार्थ खरोखर झेलले. थाळी तेवढी हाताला चिकटवून ठेवली होती. त्यासाठी दीडशेहून अधिक वेळा चित्रण करावे लागले, असे त्या चित्रपटाच्या मंडळींनी सांगून ठेवले आहे. म्हणजे पाहा, खोट्याचा सुळसुळाट झाला की खऱ्यावरचाही विश्वास उडतो. खोटी नाणी फार झाली की वाणी खरे नाणेही वाजवून घेतो, तशातली ही गत.

या अविश्वासाला कंटाळून काही दिग्दर्शक उलट वाटेने गेले. त्यांत क्रिस्टोफर नोलन यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या २००८ च्या 'द डार्क नाइट'मध्ये अठरा चाकांचा एक मालट्रक शिकागो शहराच्या पेढ्यांच्या भागातल्या रस्त्यावर शेपटीकडून उचलला जातो आणि सरळ उभा राहून पाठीवर कोसळतो. हे चित्र संगणकातले नाही. क्रिस कॉर्बोल्ड या तंत्रज्ञाने ट्रकच्या पोटात वाफेच्या जोराने खाली आपटणारा एक दांडा बसवला. तो रस्त्यावर आदळला आणि ट्रक उलटला. आत चालकाच्या जागी खरा माणूस बसलेला होता. ते दृश्य पाहताना चित्रपटगृहात जी शांतता पसरते, ती विकत मिळत नाही. माझे मेहुणे म्हणतात ते हेच.

पण बंधुभगिनींनो, त्याच चित्रपटाच्या अखेरीस एक अर्पणपत्रिका येते. तीत दोन नावे आहेत. एक हीथ लेजर या नटाचे. ते जगाला माहीत आहे. दुसरे कॉनवे विक्लिफ यांचे. ते कोण, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते चमत्कारदृश्यांचे तंत्रज्ञ होते. सप्टेंबर २००७ मध्ये इंग्लंडात एका मोटारीच्या दृश्याची चाचणी चालली असता, शेजारून धावणाऱ्या गाडीतून ते चित्रण करीत होते. ती गाडी झाडावर आदळली आणि ते गेले. प्रत्यक्ष चित्रीकरणही नव्हे, नुसती चाचणी. तेव्हा 'सगळे खरे' या वाक्याला अशी किंमत असते, आणि ती तिकिटावर छापलेली नसते.

दुसरे उदाहरण याहून अस्वस्थ करणारे आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये कॅनडातल्या व्हॅन्कूव्हर शहरात 'डेडपूल २' या चित्रपटाचे काम चालू होते. जॉय हॅरिस ही मोटारसायकलच्या शर्यतींत मुरलेली बाई एका नटीची डुप्लिकेट म्हणून गाडी चालवीत होती. चित्रपटातले तिचे हे पहिलेच काम. गाडी आवरली नाही, रस्ता ओलांडून इमारतीवर आदळली आणि ती जागीच मरण पावली. तिच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते, कारण कथेतली नायिका ते घालत नव्हती. तेथील कामगार-सुरक्षा मंडळाने चौकशी करून निर्मितीसंस्थेला २०२१ साली सुमारे दोन लाख नव्वद हजार कॅनेडियन डॉलरचा दंड केला.

मी या ठिकाणी बराच वेळ अडून राहिलो. ज्या चित्रपटात संगणकाने माणसांचे हातपाय तोडले जातात आणि पुन्हा उगवतात, त्यात एका बाईच्या डोक्यावरचे शिरस्त्राण पुसून तेथे केस काढणे हे काम संगणकाला कितीसे जड होते? माझ्या नातीच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे प्रथम दिसले. खरी उडी की संगणक, हा प्रश्नच चुकीचा मांडला जात आहे. खरी उडी मारणाऱ्याच्या कमरेचा दोर पुसता यावा, त्याच्या डोक्यावरचे शिरस्त्राण पुसता यावे, खाली अंथरलेल्या गाद्या पुसता याव्यात, म्हणून संगणक. तो दोर अधिक जाड बांधायला त्याने परवानगी दिली आहे. पूर्वी दोर दिसू नये म्हणून तो बारीक ठेवावा लागे. आता तो मनगटाएवढा ठेवला तरी चालते.

हे तंत्र अशाच एका शोकातून पुढे आले आहे. ३१ मार्च १९९३ रोजी 'द क्रो' या चित्रकथेवरून घेतलेल्या चित्रपटाच्या चित्रीकरणात ब्रँडन ली हा तरुण नट पिस्तुलाच्या अपघातात मरण पावला. आधी वापरलेल्या दिखाऊ काडतुसाचे टोक नळीत अडकून राहिले होते, आणि नंतरच्या पोकळ काडतुसाच्या स्फोटाने ते गोळीसारखे सुटले. राहिलेली दृश्ये चॅड स्टाहेल्स्की या त्याच्या स्टंट करणाऱ्या सहकाऱ्याने केली, आणि काही ठिकाणी त्याच्या देहावर संगणकाने लीचा चेहरा बसवला. तेथे ती एका मृत मित्राचे काम पुरे करण्याची धडपड होती. आज तीच युक्ती रोजची झाली आहे. धड एकाचे, चेहरा दुसऱ्याचा. पडणारा तो, आणि टाळ्या घेणारा हा.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. संगणकाने कोणाचा पाय मोडत नाही, तेव्हा तो निरुपद्रवी, असे माझ्या नातीला वाटत होते. मलाही वाटत होते. २०१७ सालची एक हकीकत ऐका. 'जस्टिस लीग' या चित्रपटाची काही दृश्ये पुन्हा घ्यायची ठरली. परंतु सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिल याने मधल्या काळात दुसऱ्या चित्रपटासाठी भरघोस मिशी वाढवली होती, आणि त्या दुसऱ्या संस्थेने ती काढू देण्यास साफ नकार दिला. मग सुपरमॅनची मिशी संगणकाने काढण्यात आली. आपल्याकडे न्हाव्याला दहा मिनिटे लागली असती. तेथे तंत्रज्ञांनी खटपट करकरून मिशीच्या जागी नवा ओठ बसवला, आणि तो असा काही विचित्र हलू लागला की जगभर हसे झाले. आणि ज्या चित्रपटासाठी ती मिशी राखली होती, त्या 'मिशन इम्पॉसिबल'मध्ये त्याच वर्षी टॉम क्रूझ यांनी लंडनला एका इमारतीवरून दुसरीवर खरी उडी मारून आपला घोटा मोडून घेतला! एकाच मिशीच्या दोन टोकांना हे दोन्ही पंथ बांधलेले आहेत.

हसू ओसरल्यावर मात्र विचार येतो की, ती मिशी पुसली कोणी? रात्री जागून, चित्रामागून चित्र, ओठामागून ओठ? सेकंदाला चोवीस चित्रे असतात. माझ्या परिचयाचा एक तरुण मुंबईत हेच काम करतो. परदेशी चित्रपटांतल्या दृश्यांत माणसांच्या कडा कोरून काढायच्या आणि दोर पुसायचे. रात्रपाळी असते. एकदा गणपतीला घरी आला तेव्हा मी कौतुकाने विचारले, "अरे, सध्या काय चालले आहे?" तो म्हणाला, "काका, आठ महिने दोऱ्या पुसतो आहे." पुढे म्हणाला, "चांगली पुसली तर कोणाला कळत नाही, आणि कळली तर नोकरी जाते." हसत म्हणाला; पण त्याचे डोळे लाल होते.

या धंद्याची रीत अशी की, काम ठरीव रकमेला घ्यायचे. पुढे दिग्दर्शकाचे मत बदलले, दृश्ये पुन्हा करावी लागली, तरी वाढीव श्रमांचा बोजा बहुधा काम करणाऱ्या संस्थेवर पडतो, आणि संस्थेकडून तो रात्र जागणाऱ्या मुलांवर. 'लाइफ ऑफ पाय' या २०१२ च्या चित्रपटातला वाघ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तो वाघ बव्हंशी संगणकातला होता. तो घडवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या संस्थेच्या शाखा मुंबईत आणि हैदराबादेतही होत्या. २०१३ च्या फेब्रुवारीत त्या कामाला ऑस्कर मिळाला, आणि त्याच्या थोडेच दिवस आधी त्या संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. वाघाला बक्षीस आणि वाघ घडवणाऱ्यांवर नादारी! पुरस्काराच्या रात्री सभागृहाबाहेर कारागीर निदर्शने करीत होते, आणि आत त्यांचा प्रतिनिधी संस्थेच्या अडचणींविषयी बोलू लागताच वाद्यवृंद वाजवून त्याला थांबवण्यात आले. पुढे २०२३ च्या सप्टेंबरात, अतिमानवांचे सर्वांत अधिक चित्रपट काढणाऱ्या मार्व्हल संस्थेतल्या दृश्यकारागिरांनी एकमताने कामगार संघटनेच्या बाजूने कौल दिला. तेव्हा संगणकाने हाड मोडत नसेल, पण झोप मोडते, पाठ मोडते, आणि कधी कधी उमेदही मोडते.

आणि याच कारागिरांवर आणखी एक अन्याय होतो. अलीकडे जाहिरातीत असे सांगण्याची चाल पडली आहे की, आमच्या चित्रपटात सगळे खरे आहे, संगणक नाही. हे बहुतेक वेळा अर्धसत्य असते. २०१५ च्या 'मॅड मॅक्स : फ्यूरी रोड'ची खऱ्या गाड्यांबद्दल आणि खऱ्या उड्यांबद्दल फार स्तुती झाली, आणि ती योग्यच होती. पण त्याच चित्रपटातल्या सुमारे दोन हजार दृश्यखंडांवर संगणकाचे संस्कार झालेले आहेत. कोणाचा सांगाडा पुसला आहे, कोणाच्या मागचे आकाश बदलले आहे. एकाची पाठ थोपटण्यासाठी दुसऱ्याचे अस्तित्वच नाकारायचे, ही काही रसिकता नव्हे.

मग आपण, पाहणाऱ्यांनी, मागायचे तरी काय? आपल्या लहानपणी चौकात डोंबारी येत असे. दोन बांबूंवर ताणलेल्या दोरावरून त्याची चिमुरडी पोर चालत असे. जत्रेत मौतच्या कुव्यात मोटारसायकल भिंतीवरून गरगर फिरे. आपण पैसा टाकीत असू तो कशाला? त्या पोरीच्या तोलाला, की ती पडेल या भयाला? हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा असा आहे. मला विचाराल तर, आपण दाद देतो ती तोलाला. खाली जाळी बांधली म्हणून तोल सोपा होत नाही. चुकल्याची शिक्षा तेवढी सौम्य होते. ज्याला जाळी पाहून खेळातली गोडी गेली असे वाटते, त्याने आपण काय पाहायला आलो होतो हे एकदा तपासून घ्यावे.

म्हणून मी माझ्यापुरता एक साधा नियम बांधला आहे. ज्या दृश्याचा जीव त्याच्या वजनात आहे, म्हणजे कोसळणारा ट्रक, झुंजणारी माणसे, धावताना चुकलेला श्वास, ते होईल तितके खरे असावे, आणि त्यात माणसाला वाचवण्यासाठी संगणकाने लागेल तेवढे पुसावे. जे मुळातच अशक्य आहे, ते खुशाल संगणकाने घडवावे. २०११ च्या 'कॅप्टन अमेरिका'त धिप्पाड क्रिस एव्हान्सला काडीपैलवान करून दाखवले आहे. ते पाहताना आपण युक्ती विसरतो आणि त्या दुबळ्या मुलाच्या जिद्दीकडेच पाहत राहतो. संगणकाचा याहून उत्तम उपयोग कोणता? आणि जे केवळ उशिरा सुचले, घाईत ठरले, आळसाने ढकलले, ते मात्र खोटेच वाटणार, मग ते दोराने करा की संगणकाने.

एक गोष्ट आशेची आहे. दृश्यचमत्कारांचा गौरव ऑस्कर पुरस्कारांत पुष्कळ वर्षांपासून, या ना त्या नावाने, होत आला. उडी मारणाऱ्यांसाठी मात्र तेथे स्वतंत्र पुरस्कार नव्हता. २०२५ च्या एप्रिलमध्ये तेथील अकादमीने जाहीर केले की, २०२७ साली प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून स्टंटच्या रचनेसाठीही ऑस्कर दिला जाईल. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी पडणाऱ्याचे नाव उभे राहून घेतले जाणार आहे.

आपण एवढ्या दूरवर काही करू शकत नाही, असे म्हणाल. एक गोष्ट करू शकतो. चित्रपट संपला की दिवे लागतात, लोक चपला शोधू लागतात, आणि पडद्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत नावांची रांग वर सरकू लागते. त्या रांगेत एका ठिकाणी उड्या मारणाऱ्यांची नावे असतात. त्याखाली, पुष्कळ अंतरावर, दृश्यकारागिरांची नावे असतात. त्यांत हल्ली कुलकर्णी असतात, शेख असतात, पाटील असतात, रेड्डी असतात. दोर बांधून घेणारा व्हॅन्कूव्हरला असतो आणि दोर पुसणारा मालाडला असतो. एकाने आपला देह दिलेला असतो, दुसऱ्याने आपल्या रात्री. दोघांची एकमेकांशी ओळख नसते; आणि दोघांचीही परीक्षा एकच, की आपण तेथे होतो हे कोणाला कळता कामा नये.

त्या रात्रीनंतर आमच्या घरात एक नवी रीत पडली आहे. चित्रपट संपला तरी नावे संपेपर्यंत कोणी उठायचे नाही. परवा मेहुणे आले होते. त्यांनीही बसून शेवटपर्यंत नावे वाचली, आणि मग माझ्या नातीला म्हणाले, "पोरी, केवढी माणसे लागतात गं एका माणसाला उडवायला!"

यापेक्षा वेगळे मला काही सांगायचे नव्हते.